खास बॅटऱ्यांचा कारखाना वाढवताना पैसे आधी कुठे घालावेत?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. प्रश्नकर्त्यांचा भोसरी एमआयडीसीत लिथियम-आयन पॅकचा, म्हणजे सुटे सेल जोडून केलेल्या बॅटऱ्यांचा, छोटा कारखाना आहे. इन्फ्युजन पंप (रुग्णाला ठरल्या वेगाने औषध देणारं यंत्र), पोर्टेबल ईसीजी, सर्व्हेची उपकरणं, वॉकीटॉकी यांना लागणारे, संख्येने कमी पण नेमक्या गरजेचे पॅक ते बनवतात. दिवसाला पन्नासेक पॅक निघतात. एका वैद्यकीय उपकरण कंपनीने पुढच्या वर्षी तिप्पट माल लागेल असं कळवलं आहे. बँक ६ कोटींपर्यंत कर्ज द्यायला तयार आहे. परदेशी यंत्रपुरवठादाराने पाउच सेल (चपट्या पाकिटातले सेल) बनवायच्या छोट्या लाइनचं कोटेशन दिलंय आणि त्याची मुदत महिनाअखेर संपते. सेल स्वतः बनवायला घ्यावेत, की पॅकचीच क्षमता वाढवावी, आणि त्यासाठी चाकणला मोठी जागा घ्यावी का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी बरीच वर्षं या धंद्यात आहे. सुरुवात सेलच्या कारखान्यात फॉर्मेशन (नव्या सेलचं पहिलं चार्जिंग) विभागात झाली, आता पुणे परिसरातल्या पॅकवाल्यांना लाइन उभी करून देतो. माझ्या मते ‘सेल की पॅक’ हा नंतरचा प्रश्न आहे. आधी हे शोधा की आज तुमच्याकडे माल नेमका कुठे अडतो, आणि वाढलेला माल उचलायची हमी कोणी लेखी दिली आहे का. ही दोन उत्तरं हातात आली की यंत्राची निवड अर्धी तिथेच होते. खास बॅटऱ्यांच्या कामात क्षमता मोजायची ती तपासून पास झालेल्या, प्रत्येक सेलच्या नोंदीसकट ग्राहकाच्या स्टोअरने स्वीकारलेल्या पॅकवर. नुसते जोडून ठेवलेले पॅक त्यात धरू नका.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, म्हणून मी काय धरून चाललोय ते सांगतो. सेल तुम्ही बाहेरून आणता, बहुतेक १८६५० किंवा २१७०० मापाचे, नळीसारखे, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) रसायनाचे. मॉडेलं वीस-पंचवीस असावीत. गाळा भाड्याचा आहे. यातलं काही वेगळं असेल, विशेषतः एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) किंवा एलटीओ (लिथियम टायटनेट) वापरत असाल, तर पुढचे आकडे बदलतील, विचार करायची पद्धत तीच राहील.

आधी अडण्याची जागा बघू. क्षमता वाढवायची म्हटलं की बहुतेक जण लेझर वेल्डिंगचं मशीन बघायला जातात. ते देखणं असतं, पाहुण्यांना दाखवता येतं, बँकेच्या माणसालाही पटतं. पण तुमच्या आकाराच्या कारखान्यात माल सहसा वेल्डिंगवर तुंबत नाही. एक बरा स्पॉट वेल्डर आणि हात बसलेला कामगार तुमच्या आजच्या दुप्पट माल सहज काढतो. तुंबतं ते शेवटच्या टेस्टिंगला. पॅक पूर्ण चार्ज करायचा, डिस्चार्ज करून क्षमता मोजायची, मग पाठवण्यापुरता पुन्हा चार्ज करायचा. ०.५ सी दराने, म्हणजे दोन तासांत पूर्ण डिस्चार्ज होईल अशा वेगाने, हे केलं तर मधल्या विश्रांतीसकट सहा तासांच्या घरात जातं, आणि तेवढा वेळ तो पॅक टेस्टिंग यंत्राचं एक चॅनेल (एका पॅकची जोडणी) अडवून बसतो. दोन शिफ्टच्या १६ तासांत अशा पूर्ण फेऱ्या दोनच बसतात. २४ चॅनेल असतील तर दिवसाला ४८ पॅक. तुमचा ‘पन्नासेक’ हा आकडा याच्या इतका जवळ आहे की तुमचं गाडं टेस्टिंगवरच अडलंय असा माझा दाट संशय आहे. तसं असेल तर लेझर मशीन आणूनही रोज तेवढेच पॅक निघतील, फक्त टेस्टिंग रॅकपुढे अर्धवट मालाचे क्रेट साचत जातील.

माझ्या संशयावर विसंबू नका. एका माणसाला वही देऊन आठवडाभर मालाच्या मागे लावा. सेल स्टोअरमधून निघाल्यापासून पॅक डिस्पॅचच्या खोक्यात जाईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर त्याला किती वेळ हात लागला आणि किती वेळ तो नुसता पडून राहिला, एवढंच लिहायचं. वेगवेगळ्या मॉडेलांचं लिहा. जिथे माल सगळ्यात जास्त वेळ पडून राहतो, तिथे पहिला रुपया जायला हवा.

तिसरी फेरी रात्री, माणूस न ठेवता चालवता येईल असं मनात येईल. टेस्टिंगची खोली वेगळी आणि आगीला तोंड देणाऱ्या भिंतींची आहे, प्रत्येक चॅनेलला तापमानावर चालणारा स्वतंत्र कट-ऑफ आहे, धूर दिसला की वीज आपोआप तुटते, आणि रात्रपाळीच्या वॉचमनला काय करायचं नि कशाला हात लावायचा नाही हे शिकवलेलं आहे, एवढं सगळं होईपर्यंत तो विचार सोडून द्या. लिथियम-आयन पॅक बिघडायचा तो चार्जिंगमध्ये बिघडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तेव्हा तिथे कोणीच नसावं हे मला पटत नाही.

अडण्याची दुसरी जागा अगदी सुरुवातीला असते, सेल उतरतात तिथे. आलेल्या प्रत्येक सेलचं व्होल्टेज आणि अंतर्गत रोध मोजायचा, आठ-पंधरा दिवस ठेवून व्होल्टेज पुन्हा मोजायचं, आणि इतरांपेक्षा जास्त मिलिव्होल्ट उतरलेला सेल बाजूला काढायचा. सेलच्या आत धातूचा सूक्ष्म कण अडकला असेल तर तो याच वाटेने पकडला जातो. पहिल्या दिवशीच्या वाचनात तो सेल अगदी ठणठणीत दिसतो. म्हणून हे पंधरा दिवस फुकट गेलेले दिवस समजू नका, ती एक तपासणीच आहे. माल तिप्पट करायचा तर ही मांडणीही तिप्पट हवी. नेमकी हीच गोष्ट विस्ताराच्या आराखड्यात राहून जाते, मग ऑर्डरचा रेटा आला की पंधराचे पाच दिवस होतात, पाचाचे दोन. इन्फ्युजन पंपाला रुग्णाच्या उशाशी बंद पडायची सोय नसते. ही मुदत कमी करायचा अधिकार लाइनवरच्या कोणालाही देऊ नका, मालकाने स्वतःलाही देऊ नये.

वेल्डिंगचंही थोडं सांगतो, कारण संख्या वाढली की इथे दर्जा नकळत घसरतो. रोज प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला, आणि इलेक्ट्रोडची टोकं घासली की लगेच, बाद सेलवर एक पट्टी वेल्ड करा आणि पक्कडीने ओढून काढा. वेल्ड चांगला असेल तर पट्टी फाटते आणि तिचे बारीक ठिपके सेलच्या डब्यावर चिकटून राहतात. पट्टी अख्खीच्या अख्खी, स्वच्छ सुटून आली तर तो वेल्ड फक्त दिसायला होता. पट्टी शुद्ध निकेलची आहे की निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची, हे चुंबकाने कळत नाही, दोन्ही चिकटतात. कानशीने ओरखडा काढून तुकडा रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी ओरखड्यावर तांबूस गंज दिसला तर रीळ परत पाठवा. मुलाम्याची पट्टी जास्त रोध करते, जास्त तापते. नव्या यंत्रावर लाखो खर्चून पट्टी मात्र स्वस्तातली घेतलेली मी पाहिली आहे, म्हणून हे लिहायचं.

आता जागेचं. चाकणला मोठी शेड घ्यायला माझी ना नाही, पण कागदांची साखळी आधी बघा. पोर्टेबल उपकरणांच्या लिथियम सेल-बॅटऱ्यांना आयएस १६०४६ भाग २ प्रमाणे बीआयएसची सक्तीची नोंदणी लागते, आणि ती कारखान्याच्या पत्त्याला बांधलेली असते. पत्ता बदलला की नोंदणी नव्याने. वैद्यकीय उपकरणांच्या दर्जाचं आयएसओ १३४८५ प्रमाणपत्रही जागेचा उल्लेख करूनच मिळतं, आणि वैद्यकीय ग्राहक नवी जागा स्वतः ऑडिट केल्याशिवाय तिथला माल घेत नाही. भोसरीचा गाळा बंद करून सगळं एकदम हलवलंत, तर ज्या ग्राहकासाठी वाढायचं त्याचाच पुरवठा मधे खंडित होईल. जायचंच असेल तर नवी जागा पूर्ण मान्य होईपर्यंत जुनी चालू ठेवा आणि दोन्हींचं भाडं खर्चात धरा. शेजारचा गाळा मिळत असेल तर मी आधी तो घेईन.

आता सेलच्या लाइनकडे येतो, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिथे जाणार आहे.

कोटेशनमध्ये लाइनची क्षमता किती लिहिली आहे ते तुम्ही सांगितलेलं नाही. दिवसाला २,००० सेल, प्रत्येक ५ अँपिअर-तासाचा, असं धरू. ३.७ व्होल्टने एका सेलमध्ये १८.५ वॉट-तास. म्हणजे दिवसाला ३७ किलोवॉट-तास आणि ३०० दिवसांच्या वर्षाला ११ मेगावॉट-तासांच्या आसपास. साधे सेल किलोवॉट-तासाला ५,००० रुपयांच्या घरात बाजारात मिळत असतील, तर पूर्ण क्षमतेने, एकही सेल भंगारात न जाता वर्षभर चाललेल्या तुमच्या लाइनचा सगळा माल साडेपाच कोटींचा. त्यातून कच्चा माल, वीज, पगार, व्याज आणि हप्ता. केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये १८,१०० कोटींची प्रगत सेलची पीएलआय (उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाची) योजना मंजूर केली, तिच्यात एका बोलीदाराची किमान क्षमता ५ गिगावॉट-तास होती, म्हणजे या लाइनच्या साडेचारशे पट. साध्या सेलच्या भावात त्या योजनेतल्या कारखान्यांशी किंवा चीनशी टक्कर देण्याचा विचारही नको. तुमचा सेल साध्या सेलच्या कित्येक पट भावाने विकला जाणार असेल, तरच पुढचा हिशेब मांडायला बसा.

तो मांडायला बसलात तर कोटिंग मशीनपासून सुरू करू नका, उलट्या टोकाने या. सेल बनला की त्याचं फॉर्मेशन, म्हणजे पहिलं सावकाश चार्जिंग-डिस्चार्जिंग. त्यात ऋणाग्रावर तो पातळ थर बसतो, ज्याच्यावर सेलचं आयुष्य ठरतं. समजा एक सेल त्यात चॅनेल दोन दिवस अडवतो. दिवसाला २,००० सेल काढायचे तर ४,००० चॅनेल लागले, शिवाय बिघाडासाठी थोडे जादा. त्यानंतर एजिंग, म्हणजे सेल काही दिवस नुसते ठेवून पुन्हा तपासणं. १४ दिवस धरले तर कुठल्याही क्षणी २८,००० सेल रॅकवर पडून, आणि ५०० किलोवॉट-तासांहून जास्त क्षमतेचा तो साठा तुमच्या छताखाली. त्याची आगीची व्यवस्था, विमा, आणि त्यात अडकलेले पैसे. पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये मिक्सर, कोटर, कॅलेंडर (थर दाबणारे रूळ), वाइंडिंग किंवा स्टॅकिंग हे सगळं ठळक असतं, आणि फॉर्मेशनचे चॅनेल नमुन्यापुरते. तुमचं कोटेशन काढून आजच मोजा. चॅनेल भागिले अडकण्याचे दिवस, हा जो आकडा येईल तीच त्या लाइनची खरी क्षमता. पहिल्या पानावर काहीही छापलेलं असो.

मग ड्राय रूम, म्हणजे कोरड्या हवेची खोली. इलेक्ट्रोलाइटमधलं लिथियमचं मीठ पाण्याशी संयोग पावलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. म्हणून इलेक्ट्रोलाइट भरायच्या खोलीत हवेचा दवबिंदू उणे ४० अंश किंवा त्याखाली ठेवतात. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवा २५ अंशांवर ८० टक्के आर्द्रतेची असते. तिच्यातलं पाणी दोनशेपैकी एक हिस्सा उरेपर्यंत काढावं लागतं, अखंड, चोवीस तास. आत काम करणारा माणूसही श्वासाने आणि घामाने तासाला शंभर ग्रॅमच्या आसपास पाणी सोडतो, त्यामुळे एका वेळी आत किती जण असावेत हे डिह्युमिडिफायर ठरवतो, सुपरवायझर नाही. एप्रिलमध्ये ट्रायल घेऊन पास केलेली खोली पावसाळ्यात मान टाकते. स्वीकृतीची चाचणी जुलैत, पूर्ण माणसं आत असताना घ्यायची, हे करारातच लिहून घ्या. विजेचं बिल हा तर वेगळाच विषय. आपल्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते आणि महावितरण देखभालीसाठी वीज बंद ठेवते. वेल्डिंगवाल्याला त्याचं काही नसतं. ड्राय रूम मात्र काही तास बंद पडली की पुन्हा त्या दवबिंदूवर आणायला बराच वेळ खाते, आणि फॉर्मेशनला लागलेले सेल अर्ध्यावर अडकतात. पूर्ण भाराचा जनरेटर लागतो, आणि तोही कोटेशनमध्ये नसतो. धनाग्राच्या कोटिंगसाठी एनएमपी हे द्रावक वापरतात. ते प्रजननक्षमतेला आणि गर्भाला घातक आहे, त्याची वाफ परत पकडायची यंत्रणा लागते, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आज तुमची जी फाइल आहे ती पुरी पडणार नाही.

यानंतर रिजेक्शन. नव्या सेल कारखान्यात सुरुवातीला तीस-तीस टक्के माल भंगारात जाणं हे जगभर घडलेलं आहे. स्वीडनच्या नॉर्थव्होल्ट या सेल कंपनीकडे पैसा होता, मोठ्या ऑर्डरी होत्या, तरी माल ठरल्या वेळी आणि ठरल्या दर्जाचा निघेना. जून २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने २ अब्ज युरोची ऑर्डर काढून घेतली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. रिजेक्शन खाली यायला माणसं शिकावी लागतात, आणि शिकायला महिने लागतात. तुमच्या कर्जाचा हप्ता त्या काळात थांबणार आहे का, हे बँकेला आधी विचारा.

सेल स्वतः बनवले की आयातीवरचं अवलंबन सुटेल, असंही तुमच्या मनात असणार. ते फक्त जागा बदलतं. ग्राफाइट, सेपरेटर (दोन अग्रांमधला पडदा), धनाग्राची पावडर यातलं बरंच अजून बाहेरूनच येतं. चीनने डिसेंबर २०२३ पासून ग्राफाइटच्या निर्यातीला परवाना लावला आणि जुलै २०२५ मध्ये एलएफपी धनाग्राचं तंत्रज्ञान नियंत्रित यादीत घातलं. सेल एकच वस्तू होती, तिच्या जागी आता दहा वस्तूंच्या पुरवठ्याची काळजी करायची.

एवढं वाचून मी सेलच्या विरोधात आहे असं वाटेल, पण तसं नाही. आपल्या गावात चांगले सेल बनावेत ही माझी मनापासूनची इच्छा आहे, आणि कधी बनवावेत याचं माझं उत्तर स्पष्ट आहे: तुम्हाला हवा असलेला सेल जगात कोणी विकतच नाही, किंवा विकतो पण तुमच्या संख्येला उभं करत नाही, तेव्हा. उणे तापमानात काम करणारा, वेड्यावाकड्या जागेत बसणारा, किंवा एलटीओसारखा हजारो आवर्तनं झेलणारा सेल एखाद्या ग्राहकाला हवा आहे, त्याने तो तपासून मान्य केला आहे आणि काही वर्षांची खरेदी लिहून दिली आहे, तर छोटी लाइन उभी राहू शकते. तिथेही पहिली पायरी लाइन विकत घेणं ही नसावी. आपल्या डिझाइनचा सेल एखाद्या चालू सेल कारखान्याकडून डेव्हलपमेंटचा खर्च देऊन बनवून घ्या. पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि सी-मेट (इलेक्ट्रॉनिक्सच्या साहित्याचं सरकारी संशोधन केंद्र) आहेत, बॅटरीच्या साहित्यावर तिथे काम चालतं. त्यांच्याशी बोलायला भोसरीहून तासाभराचा रस्ता आहे. दोन वर्षं बाहेरून बनवून घेतलेला सेल बाजारात चालला, की लाइनचा निर्णय तुम्ही डोळसपणे घ्याल.

खास मालातही एकाच ग्राहकाच्या जोरावर वाढणं धोक्याचं, आणि हे तुमच्या पॅकलाही लागू आहे. जर्मनीची वार्टा बटणाएवढ्या लिथियम-आयन सेलमध्ये जगात नावाजलेली होती. वायरलेस इअरबडची मागणी उसळली तशी तिने क्षमता झपाट्याने वाढवली. २०२२ मध्ये मोठ्या ग्राहकांच्या ऑर्डरी आटल्या, वर्षाचा अंदाज मागे घ्यावा लागला, आणि २०२४ मध्ये ठरलेल्या कर्जाच्या पुनर्रचनेत जुन्या भागधारकांची गुंतवणूक शून्यावर आली. माल उत्तम होता, तंत्रज्ञान स्वतःचं होतं. म्हणून ‘तिप्पट लागेल’ असा ईमेल आणि खरेदीची हमी यात फरक करा. त्या वैद्यकीय कंपनीला विचारा: किमान इतका माल उचलाल का, नाही उचलला तर टेस्टिंग यंत्रणेच्या खर्चाचा ठरलेला वाटा द्याल का? लिहून द्यायला ते तयार नसतील, तर त्यांना स्वतःलाच खात्री नाही असं समजा आणि तिप्पटऐवजी दुपटीपुरतं वाढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २४ जून २०२४ रोजी दक्षिण कोरियात ह्वासाँग इथल्या एरिसेल या कारखान्यात आग लागून २३ कामगारांचा मृत्यू झाला. तुमच्यासारखाच खास बॅटऱ्यांचा कारखाना, लष्कराला माल देणारा. बॅटऱ्या पुन्हा चार्ज न होणाऱ्या लिथियमच्या होत्या, पण धडा आपल्यालाही तोच आहे. पोलीस तपासात पुढे आलं ते असं: एप्रिलमध्ये माल गुणवत्ता तपासणीत नापास झाला, मागे पडलेला पुरवठा भरून काढायला दिवसाला ५,००० बॅटऱ्यांचं लक्ष्य ठेवलं, न शिकवलेले हंगामी कामगार लाइनवर आणले, रिजेक्शन वाढत गेलं तरी लाइन थांबवली नाही. सुमारे ३५,००० बॅटऱ्या त्याच मजल्यावर साठवलेल्या होत्या. मेलेल्यांत बहुतेक परदेशातून आलेले कामगार होते, बाहेर पडायचा रस्ता त्यांना माहीत नव्हता.

तुमची तिप्पट ऑर्डर, कंत्राटदाराकडून आलेली नवी पोरं आणि भरलेला गाळा हे चित्र याच्यापासून फार लांब नाही. म्हणून नवा कामगार बाद सेलवर ओढून बघायची चाचणी स्वतः करून पास झाल्याशिवाय त्याला चालू मालाला हात लावू देऊ नका. तयार माल आणि आलेले सेल माणसं बसतात त्या हॉलमध्ये ठेवू नका. लाइनपाशी फक्त त्या शिफ्टपुरते सेल असावेत. दोन दरवाजे, दोन्ही बाहेर उघडणारे, आणि त्यांच्यापुढे क्रेट ठेवलेला दिसला तर काम थांबवायचं. धुमसणारा पॅक झाकायला वाळूची बादली आणि उचलायला लांब दांड्याचा चिमटा ठेवा. पण दुसरा पॅक पेटला की झुंजत बसायचं नाही, बाहेर पडायचं, हे महिन्यातून एकदा प्रत्यक्ष करून घ्या.

पैशाचं बोलू. ६ कोटींतली निम्म्याहून जास्त रक्कम यंत्रात घालू नका. माल तिप्पट झाला की सेलचा साठाही तिप्पट होतो, त्यात समुद्रमार्गाचे आठवडे आणि तुमचे तपासणीचे पंधरा दिवस, वर ग्राहकाची उधारी. खेळतं भांडवल तिथे गिळलं जातं. कच्च्या मालाचा भाव तर विचारू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमध्ये लिथियम कार्बोनेट टनाला ६ लाख युआनच्या घरात गेलं होतं, आणि २०२३ संपताना ते १ लाखाच्या आसपास आलं. वर्षाच्या करारात सेलच्या भावानुसार पॅकचा भाव बदलण्याची अट नसेल तर असा एक चढ तुमचा सगळा नफा नेईल. उद्यम नोंदणी अद्ययावत ठेवा. प्राप्तिकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करारानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत तर ग्राहकाची त्या वर्षीची वजावट अडकते. मोठ्या कंपन्यांचे हिशेबनीस हे जाणतात, सौम्य शब्दांत आठवण करून दिली की काम होतं. एप्रिल २०२५ पासून सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांच्या कर्जहमी योजनेची मर्यादा ५ वरून १० कोटी झाली आहे, तेव्हा राहतं घर तारण ठेवण्याआधी बँकेला त्याबद्दल विचारा. २०२५ च्या अर्थसंकल्पात बॅटरी उत्पादनाच्या काही यंत्रांना सीमाशुल्कात सूट मिळाली, ती तेव्हा ईव्ही आणि मोबाइलच्या बॅटऱ्यांसाठी होती. तुमच्या मालाला ती लागते का, हे यंत्र मागवण्याआधी कस्टम एजंटकडून तपासून घ्या.

तर मी तुमच्या जागी असतो तर क्रम असा ठेवला असता. आठवडाभर वहीतल्या नोंदी. त्या माझ्या अंदाजाप्रमाणे निघाल्या तर टेस्टिंगचे चॅनेल दुप्पट-अडीचपट, वेगळ्या खोलीत, डिस्चार्जची वीज परत वापरणारे, कारण तुमच्याकडे ती आज उष्णता होऊन वाया जातेय आणि खोलीही तापवतेय. त्याबरोबरच सेल मोजायचं स्वयंचलित यंत्र, पंधरा दिवसांच्या मुक्कामाची मोठी खोली, आणि प्रत्येक सेलचा बारकोड पॅकच्या नंबराला जोडणारी नोंद. त्या कंपनीची लेखी हमी आली की मगच दुसरा वेल्डर, लेझर की स्पॉट ते मॉडेलं बघून. पुरवठादाराच्या डेमोवर जाऊ नका, तुमचे सेल आणि तुमची पट्टी घेऊन जा, शे-दोनशे वेल्ड मारायला लावा आणि पक्कड तुमच्या हातात ठेवा. दुसऱ्या मेकचा सेल पर्याय म्हणून मान्य करून घ्यायचं काम आत्ताच सुरू करा. नव्या सेलबरोबर पॅकच्या यूएन ३८.३ (वाहतुकीतल्या सुरक्षेच्या) चाचण्या, बीआयएसचे अहवाल आणि ग्राहकाची मान्यता असं सगळं पुन्हा करावं लागतं आणि त्यात सहज काही महिने जातात. ऐन वेळी एका मेकचा सेल मिळेनासा झाला तर त्या महिन्यांत नवी यंत्रं धूळ खात पडतील. आणि विमानाने माल जाणार असेल तर शेवटचं चार्जिंग ३० टक्क्यांवर थांबवायचं. २०१६ पासून सुट्या पॅकना तो नियम आहे, टेस्टिंगच्या प्रोग्रॅममध्येच तो बसवून टाका.

पाउच लाइनच्या कोटेशनची मुदत संपू दे. छोट्या पायलट लाइन विकणारे बरेच आहेत आणि वर्षभराने ती महाग झालेली असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. वहीतल्या नोंदी झाल्या की चॅनेलची संख्या, मॉडेलवार टेस्टिंगचा वेळ आणि सेलचा मेक इथेच लिहा. नवे चॅनेल किती आणि किती अँपिअरचे घ्यायचे, ते मांडून देतो.